मयत दि. १३ मे १९९०

पिंप्राळा, जळगाव
रविवार, २६ ऑक्टोबर २०२५

चि. प्रज्ञा हिस,
अनेक आशीर्वाद.

देश सोडून गेलेल्या तुम्हा सगळ्या भाच्या-पुतण्यांची आम्हा म्हाताऱ्यांविरुद्ध एक सामाईक तक्रार असते. घराण्याबद्दल विचारलं की आम्ही खोकतो, चहा मागवतो, विषय बदलतो. तक्रार खरी आहे, मी ती भरसभेत मान्य करीन. पण तुमच्याविरुद्ध आमचीही एक आहे. तुम्ही घराणं शोधायला निघता ते पोट भरल्यावर, आणि तेही आधी दुसऱ्याचं घराणं शोधून झाल्यावर.

रागावू नकोस. मी असाच बोलतो. चाळीस वर्षं व्यासपीठावर काढली की माणूस घरच्या पत्रातही आवाज चढवतो.

इकडे सर्व क्षेम. दिवाळी झाली. गुडघा जिना उतरताना दुखतो, चढताना नाही, याचं कारण डॉक्टरलाही सांगता येत नाही. तुझी ई-मेल माझ्या सुनेनं, पुनमनं, छापून आणून दिली. पडद्यावर मला वाचवत नाही. हे उत्तर हातानं लिहितोय, तीच फोटो काढून तुझ्याकडे पाठवील.

माझा पत्ता तुला व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर सापडला म्हणतेस. सख्ख्या मामाचा पत्ता छापील पत्रिकेवरून शोधावा लागला, हा टोमणा मला कळला.

रास्मुसच्या, तुझ्या नवऱ्याच्या, घराण्याचा शोध तू कसा घेतलास ते वाचताना मात्र मी खरोखर रमलो. तिकडे डेन्मार्कात जुन्या काळी प्रत्येक पिढीत आडनाव बदलायचं. बापाचं नाव ते मुलाचं आडनाव, आणि नातवाचं पुन्हा निराळं. म्हणून नावाच्या मागे गेलं की माणूस हरवतो. पण शेत जागचं हलत नाही. तेव्हा शेताचा नंबर धरायचा आणि त्याच्यावरून कोण कोण चालून गेलं ते पाहायचं. ही पद्धत मला पटली. न्यायालयातल्या खरेदीखतांच्या आणि गहाणखतांच्या वह्या, कुळांच्या नोंदी, आगीच्या विम्यासाठी केलेलं घरांचं वर्णन, त्यात खिडक्या किती आणि चूल कुठे हेसुद्धा. आणि हे सगळं जुन्या गॉथिक अक्षरात, आपल्याकडच्या मोडीसारखं, जे वाचायला तू सहा महिने शिकलीस. तुझ्या आजोबांना, माझ्या आबांना, अंगठ्यापलीकडे काही येत नव्हतं. तीन पिढ्यांत एवढा पल्ला. अभिमान वाटला.

आणि ती म्हातारी, मारेन. लग्न झालं, विधवा झाली, तरी कागदावर शेवटपर्यंत ‘हान्सची मुलगी’. मुलाच्या नावे शेत करताना तिनं करार लिहून घेतला: वर्षाला इतकी राई, रोज इतकं दूध, जाळायला सरपण, मेंढीची लोकर, शेगडीजवळची खोली, आणि ती म्हणेल तेव्हा गाडी जुंपून तिला चर्चला आणि लेकीच्या घरी नेऊन सोडायचं. हे सारं न्यायालयाच्या वहीत नोंदवलेलं. तू लिहितेस, ‘मामा, एका निरक्षर बाईचं लेकीकडे जाणं तिथं कागदावर बांधून ठेवलं होतं.’ या वाक्याखाली मी पेन्सिलीनं रेघ ओढली. का, ते आता सांगत नाही.

पण भारावून जाऊ नकोस. ज्या डेन्मार्कच्या वह्यांचं तू कौतुक करतेस, त्याच डेन्मार्कनं चारशे वर्षांपूर्वी तंजावरच्या नायकाकडून समुद्रकाठची जागा करारानं मिळवली, तिथं किल्ला बांधला, आणि नायकाचं पत्र अजून आपल्या दफ्तरात जपून ठेवलंय. कागद जपणारा न्यायी असतोच असं नाही. तूच लिहिलंस की रास्मुसच्या खापरपणजोबांच्या शेतात राबलेले भूमिहीन मजूर आणि मोलकरणी त्या जमिनीच्या वह्यांत कुठेच भेटत नाहीत. भेटणार कशा? जमिनीचा कागद जमीनवाल्याला ओळखतो. बाकीचे त्याच्या लेखी जन्मालाच येत नाहीत. तुझ्या वडिलांच्या, धम्मपालच्या, घराण्यानं हे पिढ्यानपिढ्या भोगलंय. यावर मी धुळ्यात बोललोय, धरणगावात बोललोय, आणि लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्यात.

आता तुझा प्रश्न.

तीच पद्धत तू आपल्या गावाला लावलीस. चोपड्याजवळच्या आपल्या शेताचा गट नंबर आईकडून ऐकलेला, तो टाकून सरकारी संकेतस्थळावरचे जुने फेरफार काढलेस. आबा १९९४ साली वारले, तेव्हाची वारस नोंद सापडली. तिला जोडलेली, स्टँप पेपरवर हातानं लिहिलेली वंशावळही सापडली. मयत नथ्थू यांची पत्नी धुरपदाबाई. मुलगा झुलाल. मुलगा चुडामण. आणि चौथी ओळ: मुलगी दिपमाला, मयत दि. १३ मे १९९०, निःसंतान.

‘मामा, माझी आई आज सकाळी मला व्हिडिओवर भरीत कसं करायचं ते शिकवत होती,’ तू लिहितेस. ‘आणि मी १९९२ सालची. मग मी कुणाची?’

उत्तर साधं आहे. लेखनिकाची चूक. त्या काळी एकेक कारकून दिवसाला चाळीस नोंदी ओढायचा. दुसऱ्या कुणाच्या घरची ओळ आपल्यात येऊन बसली असेल. आपल्या महसुली दफ्तरात जिवंत माणसं मरतात आणि मेलेली माणसं दरसाल पेरणी करतात. यावर माझं एक गाजलेलं भाषण आहे.

म्हणून एकच विनंती. हे दीपाला, तुझ्या आईला, दाखवू नकोस. धम्मपाल जाऊन अजून दोन वर्षंही झालेली नाहीत. शिवाय झुलालभाऊचा मुलगा भूषण याचा त्या जमिनीच्या विक्रीचा व्यवहार चालू आहे. अशा वेळी तीस वर्षांपूर्वीचा कागद उकरला तर वितुष्ट तेवढं येईल, हाती काही लागणार नाही.

तुझा अभ्यास चालू ठेव. रास्मुसला आशीर्वाद.

कळावे,
तुझा मामा
चुडामण


पिंप्राळा, जळगाव
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

प्रज्ञा,

आशीर्वाद लिहिण्याचा अधिकार मला आहे की नाही, हे पत्र वाचून झाल्यावर तू ठरव.

तुझं उत्तर एका ओळीचं आलं. ‘मामा, १३ मे १९९० ही माझ्या आईबाबांच्या लग्नाची तारीख आहे. कारकुनाला ती कुणी सांगितली?’

पुनमनं तेवढी ओळही छापून आणली. कोऱ्या पानावर एकच ओळ. टेबलावर ठेवून दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, “अप्पा, मागचं तुमचं पत्र मी फोटो काढताना वाचलं. ते भाषण होतं. पत्र कधी लिहिणार?”

“सासऱ्याची पत्रं वाचतेस?”

“तुमचं अक्षर इतकं सुंदर आहे ना, डोळे जातातच.”

अक्षर. तिथंच तर सगळं आहे.

कारकुनाला तारीख कुणी सांगितली नाही, प्रज्ञा. कारकुनानं ती लिहिलेलीच नाही. ती वंशावळ माझ्या हातची आहे.

हे मला तुझी पहिली मेल वाचतानाच माहीत होतं. तरी गेल्या आठवड्यात मी एसटीनं चोपड्याला गेलो, अर्ज केला आणि अभिलेख कक्षात मूळ कागद मागितला. कशासाठी, ते नीट सांगता येणार नाही. तू पाठवलेल्या प्रतीतलं अक्षर आपल्यासारखं दिसतंय, पण आपलं नसेलही, अशी काहीतरी आशा असावी. खिडकीपलीकडे एक तरुण बाई होती. माझा अर्ज वाचून ती उभी राहिली.

“सर, तुम्ही आमच्या कॉलेजात आला होतात. लेकीच्या हक्कावर बोलला होतात.”

“असेन.”

“माझे आबा मागे बसले होते तेव्हा. घरी जाऊन म्हणाले, तुझं नाव लावू. लावलंसुद्धा, सर. भाऊ वर्षभर बोलला नाही त्यांच्याशी.”

एवढं सांगून तिनं मला बसायला स्वतःची खुर्ची दिली, गठ्ठा सोडला आणि ते पान समोर ठेवलं. वळणदार, सुटं, शिरोरेषा ओढलेलं अक्षर. त्याखाली माझी सही, झुलालभाऊची सही, आणि एक जांभळा अंगठा.

आता क्रमानं सांगतो. आयुष्यात पहिल्यांदा पाण्याचा पेला शेजारी न ठेवता.

१९९० च्या एप्रिलात धुळ्याला जयंतीची मोठी सभा होती. मी आंतरजातीय लग्नावर पाऊण तास बोललो. जात मोडायची असेल तर ती चुलीपाशी मोडा, असं काहीतरी. दीपा तेव्हा धुळ्यात शिक्षिका होती. ती पहिल्या रांगेत बसलेली, आणि दोन खुर्च्या सोडून तिच्याच शाळेतला धम्मपाल. दोघंही शेवटपर्यंत माझ्याकडे पाहत होते. महिन्याभरात त्यांनी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. माझं भाषण त्यांनी खरं मानलं, एवढाच त्यांचा अपराध.

बातमी गावात पोचली तेव्हा मी गावीच होतो. आबा अंगणातल्या दगडावर बसले आणि त्यांनी दीपाच्या नावानं आंघोळ केली. ही रीत तुला कुणी सांगितली नसेल. जिवंत लेकीचं सुतक धरायचं, मेलेल्याचं धरतात तसं, आणि डोक्यावरून पाणी घेऊन ते फेडायचं. मग ती संपली. आबांनंतर झुलालभाऊ बसला. आणि भाऊनंतर मी. पाणी थंड होतं का, कुणी काय म्हणालं, काही आठवत नाही. बसलो होतो, एवढं आठवतं. कुणी हात धरून बसवलं नव्हतं.

त्यानंतर चार वर्षांनी आबा गेले. तेराव्यानंतर वारस नोंदीसाठी वंशावळ लिहून द्यायची होती. घरात शिकलेला मी. स्टँप पेपर माझ्यापुढे आला.

मी म्हणालो, “तीन पोरांची नावं लावायची ना, भाऊ?”

“तिनं नाव लागनं का तिना घरवाला बांधवर येई उभा राही,” भाऊ म्हणाला. “चाली का तुले?”

माझ्या तोंडून ‘चालेल’ हा शब्द निघायला हवा होता. हाच शब्द मी लोकांकडून हात वर करवून घेत होतो. मी म्हणालो, “पण कायदा आहे. बापाच्या वाट्यात लेक वारस असते.”

“मरेल माणूसले काय वाटा? आबानी आंघोय करेल शे. तू बी करेल शे. तसंच लिख.”

“तारीख लागेल.”

“जी खरी शे ती लिख.”

मी लग्नाची तारीख लिहिली. खोटं लिहितानासुद्धा मला ते अचूक हवं होतं.

इथवरचं तुला कदाचित अंदाजानं कळलं असतं. पुढचं कुणालाच माहीत नाही, भाऊ सोडून.

माय भिंतीला टेकून बसली होती. कागदावर तिचाही अंगठा लागणार होता. चार वर्षं तिनं दीपाचं नाव आबांसमोर उच्चारलं नव्हतं. ती म्हणाली, “चुडामण, वाची दाखाड.”

मी वाचून दाखवलं. पत्नी धुरपदाबाई. मुलगा झुलाल. मुलगा चुडामण. मुलगी दिपमाला, राहणार धुळे.

“दीपानं नाव शे ना यामा?”

“शे, माय.”

तिनं शाईत अंगठा बुडवला आणि चांगला दाबून उठवला. म्हणून तो इतका स्पष्ट आला आहे. एकतीस वर्षांनी मी त्याच्या रेषा मोजू शकत होतो.

भाऊसुद्धा दचकला. लिहायला त्यानं सांगितलं होतं. असं वाचायला मला कुणी सांगितलं नव्हतं. ते माझं स्वतःचं.

माय त्यानंतर पंधरा वर्षं जगली. दरवर्षी आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, गावातल्या लेकी माहेरी आल्या, झाडाझाडाला झोके बांधले गेले, की ती मला म्हणायची, “दीपाले बलाव. वावरमा नाव शे तिनं, कोन काय बोली?” मी म्हणायचो, बोलावतो. एकदा तिनं हट्टच धरला, धुळ्याला घेऊन चल म्हणून. मी त्याच दिवशी धुळ्याला निघालो होतो, आयोजकांच्या जीपमध्ये. जागा नाही, असं सांगितलं. जीपमध्ये मी आणि ड्रायव्हर होतो. मारेनच्या लेकीकडे जाण्याच्या वाक्याखाली मी पेन्सिल का ओढली, ते आता तुला कळलं.

माझ्या वाट्याची जमीन मी २००३ साली विकली. ज्या खोलीत बसून हे लिहितोय ती तिच्यातूनच उभी राहिली. उरलेली झुलालभाऊची. ती भूषणनं आता विकली. खरेदीखत झालं. नव्या फेरफाराची नोटीस तीन तारखेला गावच्या तलाठी कार्यालयात लागली आहे. हरकत घ्यायला पंधरा दिवस, म्हणजे अठरा तारखेपर्यंत. त्यानंतर नोंद प्रमाणित झाली की ती जमीन परक्याची, आणि दीपा कायमची मेलेली. पुढे कोर्टं आहेत, पण साठीला आलेल्या बाईनं कोर्टाच्या पायऱ्या चढून स्वतःला जिवंत सिद्ध करायचं, हे मी ऐकवू कुणाला?

काल भाऊकडे गेलो. आता तो शहात्तर वर्षांचा आहे, ओट्यावर बसलेला असतो.

मी म्हणालो, “भाऊ, मी प्रतिज्ञापत्र करतोय. वंशावळ खोटी होती म्हणून.”

त्यानं सुपारी कातरून तोंडात टाकली. “मंग तू खोटा पडशी.”

“पडीन.”

“पेपरमा येई.”

“येऊ दे.”

“मंग भाषन कोन देई रे, चुडामण? तुना शिवाय या जिल्हाले शहानपन कोन शिकाडी?”

भूषण आतून ऐकत होता. बाहेर येऊन म्हणाला, “काका, तीस वर्षं गप्प बसलात, अजून दहा दिवस बसा ना.” हिशेब त्यानं बरोबर मांडला. माझ्या आयुष्याचं याहून नेमकं परीक्षण कुणी केलेलं नाही.

मागच्या पत्रात दीपाला सांगू नकोस असं लिहिलं होतं. अजूनही तू सांगू नकोस, पण कारण आता दुसरं आहे. हे काम भाचीवर ढकललं तर तो पुन्हा माझाच पळपुटेपणा. मी लिहितो तिला.

तुझ्या पद्धतीत मात्र एक दुरुस्ती. जमिनीचा कागद खोटं बोलत नाही, असं तू लिहिलं होतंस. बोलतो. आमच्यासारखी शिकलेली माणसं हाताशी असली की फर्डं खोटं बोलतो. फक्त एकदा बोललेलं तो नंतर बदलत नाही, म्हणून समुद्रापलीकडे बसलेली एक मुलगी त्याला पकडू शकते. माणूस सापडला नसता. माणूस प्रत्येक सभेत नवं बोलतो.

चुडामण


पिंप्राळा, जळगाव
बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५

दीपा,
जयभीम.

हा शब्द मी हजार सभांत उच्चारला आहे. तुझ्या घराच्या दारात एकदाही नाही. प्रज्ञानं मेलची सुरुवात ‘जयभीम मामा’ अशी केली होती आणि मी तिला उत्तरात आशीर्वाद पाठवला. पंचेचाळीस वर्षं वाचलेली पुस्तकं त्या एका ओळीत कमी पडली.

हे पत्र घेऊन पुनम, माझी सून, उद्या स्वतः येईल. तिच्याकडे आणखी एक पाकीट आहे. त्यात मी प्रज्ञाला लिहिलेल्या दोन पत्रांच्या झेरॉक्स आहेत. आधी ती वाच. पहिलं वाचून राग येईल, दुसरं वाचून काय वाटेल ते मला माहीत नाही. जे तुझ्या बाबतीत घडलं ते मी पुन्हा इथं सांगत नाही, कारण दुसऱ्यांदा सांगितलं की मी ते सुधारून सांगतो. सवय आहे.

तू कशी आहेस, हे विचारायचं असतं. विचारत नाही. शेवटचं तुला पाहिलं त्याला चोवीस वर्षं झाली. धुळ्याच्या देवपुरातल्या शाळेत माझं व्याख्यान होतं. संपल्यावर नऊ-दहा वर्षांची एक मुलगी सही मागायला आली. वही उघडून मी नाव विचारलं. तिनं पूर्ण नाव सांगितलं, बापाचं धरून. मी मान वर केली तर मागं खांबाजवळ तू उभी. पुढं आली नाहीस. वाट पाहत होतीस, मी हाक मारतो का. मी वहीत सही केली, कार्यकर्त्याला म्हणालो घाई आहे, आणि मागच्या दारानं जीपमध्ये बसलो. मुलगी प्रज्ञा होती, हे तुला सांगायला नको.

धम्मपालच्या शोकसभेला मला वक्ता म्हणून बोलावलं होतं. बोलावणाऱ्यांना नातं माहीत नव्हतं. मी घसा बसल्याचं कळवलं. घसा ठणठणीत होता. त्या माणसाबद्दल खरं बोलायचं तर सुरुवात आंघोळीच्या दगडापासून करावी लागली असती, म्हणून गेलो नाही. तो मला पहिल्या रांगेतून पाहत होता तसं त्यानंतर मला कुणी पाहिलं नाही.

क्षमा मागत नाही. मागितली की तू देशील, तुझा स्वभाव तसा आहे, आणि मग मी त्यावरही कुठंतरी बोलेन.

भाषणाच्या शेवटी मी लोकांना दहा गोष्टी करायला सांगायचो. ते एकही करायचे नाहीत, आणि मला ते माहीत असायचं. आज एकच सांगतो. मंगळवारी, अठरा तारखेला, सकाळी अकरा वाजता गावच्या तलाठी कार्यालयात ये आणि हरकतीच्या अर्जावर सही कर. येताना आधार कार्ड आण, आबांचं नाव असलेला शाळेचा दाखला आण, आणि लग्नाचा दाखला आण, तो १३ मे १९९० चा. ज्या तारखेला आम्ही तुला मारलं त्याच तारखेचा सरकारी कागद तू जिवंत असल्याचा पुरावा आहे. पुनम गाडी घेऊन साडेसातला तुझ्या दारात असेल. गाडीत जागा आहे.

मी तिथं आधीच असेन. माझं प्रतिज्ञापत्र काल वकिलाकडे झालं. वंशावळ मी लिहिली, ती खोटी हे मला माहीत होतं, आणि हे घर त्याच जमिनीतून बांधलं, हे तिन्ही त्यात आहे. त्याचं पुढं जे व्हायचं ते होईल. खोट्या शपथेवर कारवाई झाली तर ती माझ्यावर व्हावी, मायच्या अंगठ्यावर नाही, हेही लिहिलं आहे. कागदावर तीसुद्धा तुला मेलेली म्हणते आहे, दीपा. तो डाग तिच्यावरून काढायला तुझ्याशिवाय कुणी नाही.

जमीन हवी की नको, ते तू ठरव. घे, कुणाला दे, नाहीतर दुसऱ्या दिवशी हक्क सोडून टाक. पण सोडायलासुद्धा आधी नाव लागतं.

भूषण तिथं असेल. बोलेल. भाऊ येणार नाही, ओट्यावरूनच बघेल. समोर बसलेला साहेब विचारील, यात दिपमाला नथ्थू कोण? तेव्हा माझ्याकडे बघू नकोस. मायच्या बोलीत सांग: मी शे.

आणि एक. हरकतीचा अर्ज वकिलानं माझ्या सांगण्यावरून लिहिला आहे, पुनमच्या हाती तो पाठवतोय. सही करण्याआधी तो स्वतः वाच. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, बोट ठेवून वाच. प्रज्ञाला तिकडून वाचायला लाव. मला वाचून दाखवायला सांगू नकोस.

ज्यानं तुझं नाव वाचलं आणि लिहिलं नाही,
तो
चुडामण